दोन घरची पुडी

आमच्याकडं म्हणतात, दोन घरचा पाहुणा उपाशी. ही म्हण ज्यानं काढली त्याला दोन सुना नसणार. मी दोन घरचा पाहुणा आहे आणि एक दिवस उपाशी राहिलेलो नाही. उलट खाऊन खाऊन मरणाच्या दारात जाऊन आलो, तेही ताकदीचं औषध खाऊन. गावात कुणी विचारलं तर "पोटाचं दुखणं होतं" म्हणून वेळ मारून नेतो. इथं मात्र सगळं लिहिणार आहे. या वयात आता कुणाची भीड धरायची?

मी सरकारी बसवर कंडक्टर होतो. पाटोद्याहून सुटणाऱ्या गाड्यांवर माझी उभी हयात गेली. बाजाराच्या दिवशी गाडीत पोती, कोंबड्या, लेकुरवाळ्या बाया, आणि त्या गर्दीत एका हातानं वरचा दांडा धरून मी रस्त्याचे गचके दोन्ही गुडघ्यांवर झेलायचो. निवृत्तीच्या दिवशी शाल आणि नारळ मिळाला. गुडघे माझे मी घरी घेऊन आलो.

घर म्हणजे एका अंगणात समोरासमोर दोन घरं. थोरला मुलगा जुन्या घरात, धाकट्यानं समोर स्लॅबचं बांधलेलं. दोघांची वाटणी बायको जिवंत असतानाच झाली. भांडण नेमकं कशावरून लागलं हे आज दोघांनाही धड सांगता येणार नाही. आधी विहिरीच्या पाण्याची पाळी होती, मग बांध होता, मग कुणाच्या तरी लग्नात कुणाला तरी जेवायला उशिरा बसवलं, ते होतं. शेवटी बोलणंच बंद झालं. अंगणात तुळस एकच. तिला पाणी दोघी सुना घालायच्या, पण एक आत गेल्याशिवाय दुसरी बाहेर यायची नाही. त्यामुळं आमच्या तुळशीला दोनदा पाणी मिळायचं आणि ती मुळाशी कुजली. तेव्हाच मी शहाणं व्हायला पाहिजे होतं.

बायको दोन्ही घरांत जायची-यायची. तिचा एक नेम होता. ह्या घरची गोष्ट त्या घरात न्यायची नाही. एका सुनेनं काय शिजवलं, दुसरीकडं कोण पाहुणा आला, कुणाला ताप आहे, काही काही नाही. शेवटच्या दुखण्यात ती मला म्हणाली, "माझ्यामागं तुमी बी तसंच राहा. हिकडचं तिकडं बोलू नका. एक शबुद हिकडचा तिकडं झाला तर दोघं भाऊ एकमेकाच्या जिवावर उठतील." मी हो म्हणालो. मरणाऱ्या माणसाला नाही कोण म्हणतं?

तेराव्याचं जेवण आटोपलं आणि भावकीतली चार जाणती माणसं माझी वाटणी करायला बसली. मी तिथंच बसलो होतो. आधी म्हशीचं ठरलं. सकाळची धार थोरल्याला, संध्याकाळची धाकट्याला. मग माझं निघालं. मी म्हणालो, मला भाकरी थापता येते, माझं मी बघतो. तर सगळे अंगावर आले. दोन पोरं असताना म्हातारा चूल फुंकतो म्हटल्यावर उद्या नातवंडांच्या सोयरिकी कशा जमायच्या? तेव्हा उजेडाचा पंधरवडा थोरल्याकडं आणि अंधाराचा धाकट्याकडं, असं ठरलं. आपल्या वाट्याला अंधाराचा पंधरवडा का, म्हणून धाकट्या सुनेच्या मनात जो राग बसला तो अजून गेलेला नाही. म्हैस पुढं विकली. मला विकायची सोय नव्हती.

अमावास्येला आणि पुनवेला माझी वळकटी अंगण ओलांडायची. दुपारचं जेवण जुन्या पाळीच्या घरी, रात्रीचं नव्या पाळीच्या घरी. मधल्या वेळात मी वळकटी काखेत मारून समोर जायचो. वळकटीशिवाय काहीही न्यायचं नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं, पण पाळलं जायचं. तांब्या ह्या घरचा वेगळा, त्या घरचा वेगळा. डोक्याला लावायचं तेलसुद्धा दोन बाटल्यांत. ह्या घरची वस्तू त्या घरात दिसली तर तिच्यावरून आठ दिवस भांडी आपटली जायची. औषधाचंही तेच.

गुडघे लईच धरले तेव्हा थोरल्यानं मला तालुक्याच्या डॉक्टरकडं नेलं. दिवाळीच्या आधीची गोष्ट. डॉक्टरनं रक्त तपासून सांगितलं की अंगात डी जीवनसत्त्व कमी आहे. मी विचारलं, ते कशात असतं? म्हणाला, "उन्हात." मला हसू आलं. आमच्या जिल्ह्यात दुसरं काही पिको न पिको, ऊन कधी बुडत नाही. पण कंडक्टरचा जन्म पत्र्याच्या सावलीत गेलेला, म्हातारपण ओसरीत, तेव्हा असेलही कमी. त्यानं कमरेत एक तेलकट, जाड सुई दिली, सहा लाख युनिटची म्हणे, आणि आठ पुड्या लिहून दिल्या. आठवड्याला एक, दुधातून. डॉक्टर चुकीचं काही बोलला नव्हता, हे मला त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

चूक घरी आल्यावर झाली. थोरल्या सुनेनं पुड्या ओट्यावर मांडल्या आणि बोटांवर हिशोब केला. "मामा, आठ पुड्या हायत. आठवड्याला एक म्हनल्यावर हितं दोनच व्हतील. बाकीच्या कुठं घेनार तुमी? तिकडं? मग त्यायच्याच दुधात पडत्याल की. आमी आनल्या कशाला मग?" मग तिनंच तोड काढली. "दिवसाआड घ्या. म्हंजी पुनवेच्या आत कोर्स पुरा व्हतो."

मलाही ते पटलं. शेतावर खताचं आम्ही तसंच करतो. एक पोतं सांगितलं की दीड टाकायचं, म्हणजे पीक लवकर हिरवं होतं. पुडी फाडली की आत पांढरी गोडसर भुकटी निघायची. ती दुधात ढवळून सून स्वतः पेला आणून द्यायची आणि पेला रिकामा होईपर्यंत समोर उभी राहायची. अंगणाकडं तोंड करून मोठ्यानं म्हणायची, "सगळं प्या, मामा. महागाचं हाय." हे माझ्यासाठी नव्हतं, समोरच्या दारासाठी होतं, हे न कळण्याइतका मी खुळा नव्हतो. पण दूध साखर घालून असायचं आणि सून प्रेमानं देते आहे असं मानलं तर कुणाचं काही जात नव्हतं.

पुनवेला वळकटी समोर गेली. धाकट्या सुनेनं पेल्याचा आवाज बरोबर ऐकला होता. तिनं विचारलं काहीच नाही. विचारलं असतं तर समोरच्या घरानं काहीतरी चांगलं केलं हे मान्य करावं लागलं असतं. दुसऱ्याच दिवशी तिनं मला गाडीवर बसवून आपल्या माहेराकडं, चकलांब्याच्या बाजूला, एका डॉक्टरकडं नेलं. तो तिच्या भावाच्या ओळखीचा. त्यानं गुडघे दाबून बघितले आणि विचारलं, आधी काही औषधपाणी झालंय का? मी तोंड उघडायच्या आत सून म्हणाली, "कोन देतंय, डाक्टर? काईच न्हाई झालं. आमीच पहिल्यांदा आनलंय."

मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. बायकोला शब्द दिला होता. इथं मी 'झालंय' म्हणालो असतो तर सून डॉक्टरसमोर खोटी पडली असती, घरी जाऊन धाकट्याला सांगितलं असतं, धाकटा अंगणात उभा राहून ओरडला असता, आणि थोरला कुऱ्हाड घेऊन बाहेर आला असता. मला ते सगळं डोळ्यासमोर दिसत होतं. डॉक्टरनं रक्तबिक्त काही तपासलं नाही. तीच जाड सुई, त्याच आठ पुड्या. फक्त पाकिटाचा रंग वेगळा होता. आणि त्या आठ पुड्या अमावास्येच्या आत संपल्या पाहिजेत हा हिशोब दुसऱ्या घरातही झाला, कारण अक्कल दोन्ही घरांत एकाच मापाची आहे.

मग हे चालूच राहिलं. पाळी बदलली की नवा कोर्स. चिठ्ठी जुनीच, पण दुकानदार काय, चिठ्ठी दाखवली की आठ पुड्या बांधून द्यायचा. एकदा थोरल्यानं बाजाराच्या दिवशी परत सुई द्यायला लावली, म्हणून धाकट्यानंही लावली. दोन्ही घरांत दुधासोबत हाडांच्या गोळ्याही सुरू झाल्या. गावात नाव झालं. पारावर माणसं म्हणायची, कंडक्टरची पोरं बापाला जपतात. मला सांगायला लाज वाटते, पण ते ऐकून मला बरं वाटायचं. गुडघेही पहिले काही दिवस थोडे हलके झाले होते.

संक्रांतीनंतर तहान लागायला लागली. साधी नाही. तांब्यावर तांब्या रिचवायचो तरी टाळूला जीभ चिकटायची. उन्हाळ्यात टँकरवर जगणारं आमचं गाव, तिथं म्हाताऱ्यानं रांजण रिकामा करायचा आणि मग रात्रभर लघवीला हेलपाटे घालायचे. जेवण नको झालं. भाकरीचा वास आला तरी मळमळायचं. पोट आठ-आठ दिवस साफ व्हायचं नाही. अंगातलं मांस उतरलं. आरशात बघितलं तर वडिलांचं शेवटचं तोंड दिसायचं.

आता गंमत बघा. थोरल्याकडं वळकटी गेली की सून मला बघून हनुवटीला हात लावायची. "कावून हो मामा, किती वाळलाव? तिकडं जेवाय घालत न्हाईत का काय?" आणि दूध वाढायचं, पुडी वाढायची. पंधरा दिवसांनी धाकटी म्हणायची, "पार हाडं वर आलीत. नुस्तं पानी पाजीत्यात वाटतं तिकडं." आणि पुन्हा दूध, पुन्हा पुडी. मी जितका खचत होतो तितकं औषध जोरात चालत होतं. मी म्हणायचो, "मला न्हाई मानवत हे, राहू दे." तर उत्तर ठरलेलं. तिकडचं मानवलं, आमचंच बरं मानवत न्हाई? असं म्हटल्यावर पेला रिकामा करण्यावाचून गत्यंतर नसायचं.

पोरं मला मारायला निघाली नव्हती, हेच तर दुःख आहे. मारायला निघाली असती तर तोंड भरून शिव्या तरी देता आल्या असत्या. ही माणसं मला जगवायला निघाली होती. फक्त मी कुणाच्या घरात जगलो, हे गावाला दिसायला हवं होतं.

चैत्रात डोकं फिरायला लागलं. बसल्या जागी झापड यायची आणि मी गाडीत असायचो. एकदा थोरली सून धुणं घेऊन समोरून गेली तर मी तिला अडवून म्हणालो, "पास दाखवा, बाई." ती हसली. मी पुन्हा म्हणालो, जरा जोरात. तेव्हा ती घाबरून आत पळाली. दुसऱ्या वेळी भरदुपारी ओसरीवर उभा राहून मी पाटोद्याची माणसं उतरवत होतो म्हणे. मला आठवत नाही. शेजारी मेंढरं राखणारा माझ्या बरोबरीचा म्हातारा आहे, त्यानं मला हाताला धरून बसवलं आणि मग चार माणसांत सांगितलं, त्यामुळं कळलं. गावात हशा झाला. थोरल्यानं ठरवलं की बापाचं डोकं धाकट्याच्या घरी गेलं. धाकट्यानं ठरवलं की थोरल्याच्या. डोकं गेलंय एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत होतं.

वैशाखातली अमावास्या होती. धाकट्याकडची पाळी संपली. दुपारी पानावर बसलो, दोन घास उलटून पडले. सुनेनं वळकटी बांधून हातात दिली. मी उठलो, उंबरा ओलांडला, अंगणात उतरलो. तुळशीच्या रिकाम्या कट्ट्यापाशी आलो आणि पाय गेले. वळकटी एकीकडं, मी एकीकडं.

शुद्ध होती. हात-पाय हलत नव्हते, पण कान चांगले होते, आणि मी जे ऐकलं ते मला मरेपर्यंत विसरता यायचं नाही. धाकट्या घरातून सून बाहेर आली, ओरडली, धाकटाही आला. समोरून थोरला आला, त्याची बायको आली. आणि चौघं आपापल्या पायरीवर थांबले. धाकटी सून वाऱ्याला सांगितल्यासारखं म्हणाली, "आमच्याकडून जेवून निघालेत. आमची पाळी सरली." समोरून थोरली, तीही आभाळाकडं बघून, "आमच्याकडं रातच्याला जेवल्यावर पाळी लागती. अजून तर उंबरा बी न्हाई वलांडला." अमावास्येला दवाखान्याची वाट धरावी का, असंही कुणीतरी पुटपुटलं. मी मध्ये पडलेलो. फरशी तव्यासारखी तापलेली आणि वरून वैशाखाचं ऊन. अंगात ऊन कमी आहे म्हणून हे सगळं सुरू झालं होतं. मला रडू येत होतं, पण डोळ्यांत पाणी नव्हतं.

मेंढरं राखणारा म्हातारा दुपारचा छपरात पडलेला होता, तो आवाज ऐकून आला. त्यानं एकदा ह्या पायरीकडं बघितलं, एकदा त्या पायरीकडं. म्हणाला, "म्हातारा कुनाचा का असंना, आधी सावलीत तर घ्या बे." आणि त्यानं एकट्यानं माझ्या काखेत हात घालून मला ओढलं. मग पोरांना लाज वाटली. एकाच गाडीतून दोघं आले, एक पुढं ड्रायव्हरजवळ, एक मागं माझ्या पायाशी.

बीडच्या दवाखान्यात एक मॅडम डॉक्टर होत्या. चेहरा कोरडा, बोलणं तुटक. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा त्या परत आल्या आणि उभ्याउभ्याच विचारलं, "ह्यांचं कॅल्शियम फार वाढलंय. हाडांसाठी काही चालू आहे का? डीच्या पुड्या?"

"आठवड्याला एक, मॅडम," थोरला म्हणाला. "चिठ्ठीवर लिवल्याप्रमानं."

"आमच्याकडं बी तसंच," धाकटा म्हणाला.

मॅडमनी मान वर केली. "आमच्याकडं बी म्हणजे?"

एक सलाईनकडं बघत होता, एक खिडकीकडं. मॅडमनी दोघांना बाहेर जायला सांगितलं आणि खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या. "आजोबा, खरं सांगा. काय काय घेता?"

माझी जीभ जड झालेली होती. बायको डोळ्यापुढं आली. तिच्याशी मी मनातल्या मनात थोडा वेळ भांडलो. तुझा नेम पाळता पाळता मी तुझ्याकडंच यायला निघालोय, मग आता सांगू का नको? शेवटी मी सांगितलं. पुनव ते अमावास्या आठ पुड्या, अमावास्या ते पुनव आठ पुड्या, सुया वेगळ्या, गोळ्या वेगळ्या, दूध भरपूर. दिवाळीपासून. मॅडमनी लिहायचं थांबवलं.

मग त्यांनी मला आणि नंतर पोरांना बोलावून समजावलं. काही औषधं जास्त झाली तर लघवीवाटे निघून जातात. हे तसलं नाही. हे चरबीत साठतं, महिनोन्महिने तिथंच राहतं आणि अन्नातलं कॅल्शियम रक्तात ओढत राहतं. रक्तात ते वाढलं की तहान, उलट्या, पोट घट्ट, डोक्यात गोंधळ, आणि शेवटी मूत्रपिंडं निकामी. "हे औषध आहे, खुराक नाही," त्या म्हणाल्या. "आणखी एखादा महिना असंच चाललं असतं तर ह्यांना इथं आणायची गरज पडली नसती."

थोरल्यानं घसा साफ केला. मला वाटलं, आता रडेल. त्यानं विचारलं, "मॅडम, कुनाच्या पुडीनं झालं हे?"

"दोघांच्या," मॅडम म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्यानंतर थोरला धाकट्याशी बोलला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. माझ्या खाटेवरून, माझ्या छातीच्या वरून, त्यानं भावाकडं बघितलं आणि म्हणाला, "दुसऱ्यांदा सुई तू दिली व्हतीस." धाकटा म्हणाला, "आधी कुनी दिली व्हती मग?" बायको, तुझी पोरं बोलली. मी डोळे मिटून घेतले आणि सलाईनचे थेंब मोजत बसलो.

मी वाचलो. सलाईनवर सलाईन लावून, गोळ्या देऊन, दूध-दही बंद करून रक्त हळूहळू ताळ्यावर आणलं. डोकं ठिकाणावर आलं. मूत्रपिंडं मात्र पुरती आली नाहीत. जे गेलं ते गेलं, राहिलंय ते जपा, असं सांगून घरी पाठवलं. उन्हात बसू नका, असंही सांगितलं. बीड जिल्ह्यात राहून ऊन टाळायचं. अति तेथे माती म्हणतात, माझ्या बाबतीत ती माती माझ्याच मूत्रपिंडांत जाऊन बसली.

घरी आल्यावर वाटलं होतं, आता तरी काही फरक पडेल. पडला. आता दोन्ही घरांत मला कुणी काही देत नाही. डोकं दुखलं तरी साधी गोळी नाही, खोकला आला तरी हळदीचं पाणी नाही. आपल्या घरात दिलेल्या कशानं काही झालं तर आळ येईल, ही भीती. डॉक्टरनं लिहिलेल्या गोळ्या मी स्वतः उशाखाली ठेवतो आणि स्वतः घेतो. आणि पाळी बदलताना आता साक्षीदार लागतो. मेंढरंवाल्या म्हाताऱ्याला हाक मारतात. सून म्हणते, "बघा, धडधाकट चाललेत आमच्याकडून." तो बिचारा मान हलवतो. पार्सल ऑफिसात पेटी उतरवून घेताना असंच बघायचे, तिचा कोपरा फुटलाय का ते.

एका पुनवेला मला हे असह्य झालं. दुपारचं थोरल्याकडं जेवलो, वळकटी उचलली, साक्षीदार यायचा होता. मी तुळशीच्या कट्ट्याजवळ उभा राहिलो आणि कंडक्टरचा आवाज काढला. तो अजून शाबूत आहे. म्हणालो, "ऐका रे दोन्ही घरं. आज सकाळी थोरल्याकडं भाकरी अन् पिठलं खाल्लं. दुपारी वरणभात. लघवी साफ झाली. डाव्या पायाला सूज हाय." समोरच्या घरात टीव्ही चालू होता, त्याचा आवाज मोठा झाला. थोरल्या घरात मिक्सर लागला. पुढच्या अमावास्येला मी परत सांगितलं, धाकट्याकडचं. परत टीव्ही, परत मिक्सर, फक्त घरं उलट. मी ठरवलं होतं, बायकोचा नेम आता मोडायचा तो असा, चारचौघांत, उजेडात. हिकडचं तिकडं न्यायचं नाही, दोन्हीकडचं मध्येच उभं राहून सांगायचं. पण ऐकतं कोण?

परवाच्या पुनवेला मी खोटं बोललो. नेहमीसारखा उभा राहिलो, भाकरी सांगितली, भाजी सांगितली, आणि मग म्हणालो, "अन् आज दुधातून एक पुडी घेतली."

टीव्ही बंद झाला. मिक्सर बंद झाला. दोन्ही दारं धाडकन उघडली आणि दोन्ही सुना अनवाणी अंगणात आल्या. थोरलीच्या हाताला पीठ होतं. त्या माझ्यापर्यंत आल्या आणि मग त्यांना कळलं की आपण एकमेकींच्या समोर उभ्या आहोत, हाताच्या अंतरावर.

"कुनी दिली?" धाकटीनं विचारलं.

"आमी न्हाई दिली," थोरली तिला म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "मामा, कुनी दिली पुडी?"

मी म्हणालो, "कुनीच न्हाई. ऐकू जातंय का ते बघत व्हतो."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या माझा जीव जाईल म्हणून पळत आल्या की आळ आपल्यावर येईल म्हणून, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि अजूनही कळलेलं नाही. कदाचित त्यांनाही माहीत नसेल. थोरलीनं पदराला हात पुसले आणि ती आत गेली. धाकटीही आत गेली. दोन्ही दारं लागली.

मी वळकटी उचलली. पाळी धाकट्याची होती.